तीन नंबर मोकळी झाली

अक्षर वेडंवाकडं आहे, ते माझं मलाच दिसतंय. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर पोटात घालावं. चौथीपर्यंत आष्टीच्या शाळेत गेले, त्यानंतर हातात पेन आलं ते पगाराच्या सहीपुरतं. ही मुलीच्या मागच्या वर्षीच्या वहीतली उरलेली पानं आहेत. ती शाळेत गेली की काढते आणि ती यायच्या आत पिठाच्या डब्यामागे ठेवते. मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून लिहून ठेवते.

जालन्यातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं मावशी आहे. फरशी पुसणं, लघवीचं भांडं देणं-घेणं, बाईला आत नेताना धरणं, गरम पाणी, चादरी, बाळाचे फडके. घरचे, म्हणजे मुलीचे वडील, सळईच्या कारखान्यात जातात. माझं कुणाशी वाजलेलं नाही. मी बोलतच नाही, तर वाजणार कसं?

दिवसपाळीला दोन सिस्टर असतात. मोठ्या सिस्टर मूळच्या हसनाबादकडच्या, बावीस वर्षं ह्याच दवाखान्यात. दुसऱ्या नव्या सिस्टर, शिकून आलेल्या, हाताला फार चपळ. मोठ्या सिस्टर बाईच्या पोटावर हात ठेवतात, खालची पापणी ओढून बघतात आणि मगच तिच्याशी बोलतात. बीपी, नाडी, अंगावरून किती जातंय, हे सगळं चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून तो तुकडा स्वतःच्या बाहीला चिकटवतात. दुपारपर्यंत त्यांची डावी बाही भरून जायची. पाळी बदलताना त्या बाही बघून ओव्हर द्यायच्या. ओव्हर म्हणजे कुठल्या खाटेवरच्या बाईचं काय चाललंय, ते येणाऱ्या सिस्टरला सांगणं.

मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सिस्टरच्या टेबलावर एक स्टँड बसवला आणि त्यावर पाटीएवढा फोन लावला. पुण्याहून कॉम्प्युटरचे साहेब आले होते. त्यांनी दाखवलं, की लाल खुणेवर बोट दाबायचं आणि बोलायचं. सिस्टर बोलतील ते हे आपोआप लिहून घेईल, त्या-त्या बाईच्या कागदावर चढवेल आणि वेळ झाली की टिंग वाजवून आठवण देईल. औषधाचा हिशेबही तिथूनच काउंटरला जाईल. ह्याला एआय म्हणतात, असं साहेब म्हणाले.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ए आय? आमच्याकडं लेकरू भाकर मागताना असं वरडतं."

नव्या सिस्टर तोंडावर रुमाल धरून हसल्या. साहेबांना काही कळलं नाही. तेही हसले.

नव्या सिस्टरना ते यंत्र आवडलं होतं, हे मला खरं लिहिलं पाहिजे. आधी पाळी संपल्यावर त्या तासभर बसून कागद भरायच्या. त्यांचं लेकरू सासूकडे असायचं, आणि सासू रोज फोन करून विचारायची, आज तरी येणार का. यंत्र आल्यापासून त्या वेळेवर निघायला लागल्या.

"मोठ्या सिस्टर, तुम्ही उगीच वाकड्यात शिरता," त्या म्हणायच्या. "बोटं दुखत नाहीत, अजून काय पाहिजे?"

"लिहिताना मपल्या ध्यानात राहतं," मोठ्या सिस्टर म्हणायच्या. "तोंडानं बोललं का गेलं. अन ते काय लिहून राह्यलंय, तुला माहीत आहे का? समदं इंग्रजीत. तू बोलते मराठी, ते लिहितं इंग्रजी. मधी कोण बसलंय?"

"मधी कोण बसणार! मशीन आहे ते."

"तेच म्हणते मी. मशीनला कोणी इचारायचं?"

त्या यंत्राशी बोलायच्या, कारण हुकूम होता. पण बाहीच्या पट्ट्या त्यांनी सोडल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी दोनदा टोकलं, की गबाळं दिसतं. सिस्टर हो म्हणाल्या आणि पट्ट्या बाहीच्या आतल्या बाजूने लावायला लागल्या. मला त्या यंत्राची भीती वाटायची. टेबल पुसताना मी त्याच्याकडे पाठ करायचे. लाल खूण पेटलेली असली की वाटायचं कोणीतरी डोळा उघडा ठेवून झोपलंय.

त्या दिवशी दुपारी तीन नंबरला कुंभार पिंपळगावकडची एक सून होती. पहिलटकरीण. सकाळपासून कळा देत होती. बाहेर बाकावर तिची सासू बसलेली, डोक्यावरचा पदर घट्ट ओढून. आत घेतल्यावर मोठ्या सिस्टर एका कामासाठी टेबलाजवळ आल्या, लाल खूण दाबून म्हणाल्या, "तीन नंबर, सलाईन बदललं..." आणि तेवढ्यात आतून नव्या सिस्टरची हाक आली, "सिस्टर, जल्दी!" त्या तशाच आत पळाल्या.

मग बाळ रडलं. मी घड्याळ बघितलं. साडेचार. माझं एक काम ठरलेलं आहे, बाहेरच्या माणसाला खबर द्यायची. तेवढं मला बोलता येतं, कारण त्या वेळी माझ्याकडे कोणी बघत नसतं, सगळे बाळाचंच विचारतात. मी टेबलाजवळून दारात गेले आणि म्हणाले, "आजी, तीन नंबर मोकळी झाली. साडेचारला. लक्षुमी आली."

आजी बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, "सून बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

सून नीट होती, पण रक्त जरा जास्त जात होतं. मोठ्या सिस्टर तिच्या उशाशीच बसल्या. गर्भपिशवी आवळायचं इंजेक्शन दिलं, दुसरी बाटली लावली, पोट चोळत राहिल्या. पाव-पाव तासाला बीपी. यंत्र एकदाही वाजलं नाही. मला ते लक्षात आलं, कारण इतर वेळी त्याच्या टिंगेनं मी दचकायचे. नव्या सिस्टरनी जाऊन बघितलं, तर तीन नंबरचा कागदच यंत्रात नव्हता.

"सिस्टर, तीन नंबर गायब आहे."

"गायब म्हणं! हितं मपल्या हाताखाली हाय ती," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "कागद गेला तं जाऊ दे. साध्या कागदावर लिही अन काउंटरला दे."

नव्या सिस्टरनी लिहून दिलं. काउंटरवरच्या बाबूंनी कागद घेतला आणि म्हणाले, नेट आलं की आपोआप होईल. दोन दिवस तीन नंबरचं सगळं औषध असंच साध्या कागदावर गेलं. सून तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन पायानं चालत गेली. जाताना आजीनं मला दहाची नोट दिली आणि मी ती घेतली.

त्यानंतर काय झालं ते मला लवकर कळलं नाही. महिन्याच्या शेवटी कपाटातली औषधं मोजली, तर कमी भरली. कोणाच्या नावावर चढली नाहीत ती औषधं, बाटल्या, बाळाच्या लसा. सहा हजार तीनशे रुपयांचं. साधे कागद काउंटरला सापडले नाहीत. यंत्रात मात्र लिहिलेलं होतं, की साडेचारला तीन नंबरची खाट खाली झाली, आणि हे मोठ्या सिस्टरनी स्वतः सांगितलं. कपाटाची चावीही त्यांच्याकडेच असायची. मग हिशेबाला दोनच गोष्टी उरल्या, रिकामी खाट आणि गेलेलं औषध.

मोठ्या सिस्टरना डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं. पगारातून तीन महिने एकवीसशे-एकवीसशे कापायचं ठरलं. पोलीस वगैरे काही करत नाही, एवढ्या वर्षांची सेवा आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी बाहेर येऊन कोणाला शब्द सांगितला नाही. मला एवढंच दिसलं, की त्यांनी कपाटाची चावी कमरेची काढून नव्या सिस्टरच्या टेबलावर ठेवली, आणि त्यानंतर कपाट उघडायचं झालं की त्या मला हाक मारायच्या.

"मावशी, हितं उभ्या राहा. मी काय घेऊन राह्यले ते बघा."

मला वाटलं डोळे अधू झाले असतील. मी उभी राहायचे.

दुसऱ्या पगाराला नव्या सिस्टरना मोठ्या सिस्टरची पगाराची चिठ्ठी दिसली. कपडे ठेवायच्या खोलीत मोठ्या सिस्टर गेल्या असताना नव्या सिस्टरनी मला हळूच सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी स्वतः यंत्र उघडून तो दिवस काढला होता. "मावशी, ह्यात लिहिलंय, बेड थ्री व्हेकेटेड. मोठ्या सिस्टर असं कधी म्हणाल्या? मला तर आठवत नाही."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"खाट खाली झाली."

"खाली" आम्ही रोज म्हणतो. दोन नंबर खाली झाला, चादर बदला. खाटेला आमच्याकडे दुसरा शब्दच नाही. पण त्या दिवशी साडेचारला टेबलाजवळ कोण काय बोललं ते मला एकदम ऐकू आलं, माझ्याच आवाजात. मी "खाली" म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते "मोकळी". बाई मोकळी होते. खाट कशाला मोकळी होईल? पण ज्याला आमची भाषा कुणी शिकवली नाही, त्यानं मोकळी म्हणजे रिकामी धरलं असणार. लाल खूण तशीच पेटलेली राहिली होती. सिस्टरचं बोलणं अर्धं ऐकून त्यानं पुढचं माझं जोडलं आणि सगळं सिस्टरच्या नावावर लिहून तीन नंबरचा कागद बंद केला.

मी फडकं घेऊन फरशी पुसायला लागले. पुसलेलीच फरशी पुन्हा पुसली.

आठ दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी विचार करायचे, की सांगितलं तर पैसे माझे कापतील. माझा पगार सिस्टरच्या निम्माही नाही. काढूनच टाकतील, मावशी काय, उद्या दुसरी मिळते. आणि पुन्हा वाटायचं, माझं ऐकणार कोण? यंत्र म्हणतं सिस्टर बोलल्या. यंत्र शिकलेलं आहे, मी चौथी पास. त्या आठ दिवसांत मोठ्या सिस्टर मला रोज कपाटासमोर उभी करायच्या. मी त्यांच्या बोटांकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, ह्या बाईला मी साक्षीला उभी आहे, आणि खरी साक्ष माझ्या पोटात आहे.

नवव्या दिवशी चादरींची घडी घालताना मी त्यांना सांगितलं. त्यांनी घडी अर्धी सोडली.

"तुम्ही म्हणाल्या व्हत्या? मोकळी झाली म्हणून?"

"हो, सिस्टर."

त्या जोरात हसल्या. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.  "अवो मावशी, अकरा वरसात तुमी अन मी मिळून किती बाया मोकळ्या केल्या असतील? अन ह्या मुडद्याला येवढं बी कळंना!" मग दाराकडे बघून म्हणाल्या, "कोणाला सांगू नका. तुमचा पगार कापतील. एकच हप्ता राह्यला मपला. जाऊ द्या."

"पैशाचं जाऊ द्या," मी म्हणाले. "पण चोरीचं?"

त्यांनी चादर परत हातात घेतली. चादरीची घडी पूर्ण केली. किनार किनारीला बराबर लावली.

मी त्याच दुपारी केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. आत डॉक्टरीणबाई होत्या आणि योगायोगानं पुण्याचे साहेब आले होते, यंत्रात काही नवं घालायला. मला वाटलं परत फिरावं. पण मोठ्या सिस्टर मागून आल्या होत्या. त्यांनीच दार ढकललं.

"म्याडम, मावशीला बोलायचंय."

मला जे बोलता आलं ते असं होतं, "म्याडम, ते मी म्हणाले. सिस्टर नाही. मोकळी म्हणाले मी."

डॉक्टरीणबाईंना काही समजेना. साहेब म्हणाले, "बरोबर आहे ना मग? मोकळी म्हणजे रिकामी. बेड रिकामा झाला. सिस्टिमनं तेच लिहिलंय."

दोन माणसांसमोर, त्यातले एक पुरुष, मला सांगायचं होतं की बाई मोकळी होणं म्हणजे काय.  मी खाली फरशीकडे बघून म्हणाले, "बाळंत झाली. आमच्याकडं त्याला मोकळी म्हणतात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्याही इकडच्याच, त्यांना तो शब्द माहीत नाही असं नाही. रोज ऐकतात. पण त्यांनी शब्द ऐकलाच नव्हता, इंग्रजी तेवढं वाचलं होतं. त्या साहेबांना म्हणाल्या, "त्या वेळचा आवाज आहे का तुमच्याकडे?"

साहेब म्हणाले, "तीन महिन्यांचं ठेवतो."

त्यांनी लावलं. पंख्याचा घरघराट. मोठ्या सिस्टर, "तीन नंबर, सलाईन बदललं..." पावलं. बराच वेळ काही नाही, मग बाईचं ओरडणं, मग बाळ. मग एक बारीक, चिरका आवाज, "आजी, तीन नंबर मोकळी झाली." मला कळायला क्षण गेला की ती मी आहे. मी पदर तोंडावर घेतला. मग आजीचं "सून बरी हाय ना", आणि तेही स्पष्ट ऐकू आलं.

साहेबांनी आवाज बंद केला. मग मोठ्या सिस्टरनी विचारलं, "साहेब, लाल खूण राहून गेली का हे समदं ऐकत राहतं?"

"खूण पेटलेली असेल तर, हो."

"म्हणजे बाया वरडतात ते. आमी आपसात बोलतो ते. सासवा बाहेर काय बोलतात ते. समदं तुमच्याकडं पुण्यात हाय?"

"ते सुरक्षित असतं, सिस्टर."

"चोरीचा आळ आला तवा कोणी हे ऐकलं का? सुरक्षित हाय म्हणता, मंग हे ऐकायला मावशीला यावं लागलं?"

साहेब फोनच्या काचेवरून बोट फिरवत राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, गैरसमज झाला. कापलेले पैसे परत मिळतील. तुमचेही कापणार नाही, मावशी."

"गैरसमज न्हाई, म्याडम. आळ व्हता," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "हो. चुकलं माझं."

जाता जाता साहेब नव्या सिस्टरना म्हणाले, की अशा इकडच्या शब्दांची यादी करून द्या, म्हणजे सिस्टिम शिकेल. नव्या सिस्टरनी खरंच लिहायला घेतलं. अंगावरून जाणं, पोट उतरणं, डोळे फिरणं, जीव घाबरा होणं. त्या मला विचारायच्या, मावशी, अजून? मी दोन सांगितले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पोरी, आपण त्याला शिकवायचं, अन ते उद्या आपल्यावरच साक्ष देणार. तू देते तं दे. मला इचारू नको."

"न शिकवता चुकलेलं चालेल का मग?" नव्या सिस्टर म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं.

यंत्र अजून तिथेच आहे. आता दोघी बोलून झालं की लाल खूण विझली का ते वाकून बघतात. खासगी बोलायचं असलं की चादरींच्या खोलीत येतात. मी टेबलाजवळून खबर देत नाही. दार ओलांडून, बाहेर बाकापर्यंत जाऊन सांगते.

पैसे एकदम आले नाहीत. तिसरा हप्ता कापला नाही, पण आधीचे बेचाळीसशे परत द्यायचे होते, त्यातले एकवीसशे पुढच्या पगारात आले. त्याच्या पुढच्या महिन्यात काहीच नाही. काउंटरवरचे बाबू म्हणाले, यंत्राच्या कंपनीकडून भरपाई आली की देऊ. मोठ्या सिस्टर दर शनिवारी पाळी संपली की काउंटरला जाऊन उभ्या राहायच्या. "मपलं राह्यलेलं?" एवढंच विचारायच्या. बाबू म्हणायचे, "पळून चाललोय का आम्ही, सिस्टर?" त्या म्हणायच्या, "मी तं नव्हते पळाले."

गेल्या शनिवारी बाबूंनी स्वतः हाक मारली. मीही तिथे होते, काउंटरची काच पुसत होते. पाचशेच्या चार नोटा आणि शंभराची एक. सिस्टरनी मोजल्या, परत मोजल्या. सहीसाठी बाबूंनी रजिस्टर सरकवलं. सिस्टरनी चष्मा लावून ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"हे काय लिहिलंय? मदत?"

"काहीतरी लिहावं लागतं ना, सिस्टर. पैसे तर तेवढेच आहेत."

"मदत मी कोणाला मागितली? खोडा अन लिहा, कापलेले पैसे परत."

"रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही."

"मंग नवी ओळ लिहा. मी उभी हाय."

बाबूंनी माझ्याकडे बघितलं. मी काच पुसायचं थांबवलं आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी ती ओळ आडवी मारली आणि खाली नवी लिहिली. कापलेले पैसे परत, दुसरा हप्ता, पूर्ण. सिस्टरनी एकेक अक्षर बोट लावून वाचलं, सही केली आणि नोटा पर्समध्ये ठेवल्या.